कोरडं पुसायचं नाही

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार

आज माझ्या हातून जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही काढली.

सव्वीस वर्षं मी कापसाची प्रत ठरवतो. खरेदी केंद्रावर कापसाची गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी उकलायचा आणि त्यात पाला किती, बोंडाची टरफलं किती, ते सांगायचं. रुपचंदभाऊंच्या बोटाला खसखशीएवढा कचरासुद्धा लागतो, असं शेतकरी म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत, ती गोष्ट वेगळी. आणि आज याच बोटांनी मी माझी लाल मारुती कापसाने पुसली.

विचार असा केला की धूळ पुसायला कापसाइतकं मऊ जगात काय असणार? वातींसाठी आणलेला एक नंबरचा कापूस घेतला आणि तांब्याचा हंडा घासतात तसं बॉनेट गोल गोल चोळलं. सकाळी ते झकास दिसलं. नऊला ऊन वर आलं आणि बॉनेटभर कोळ्याचं जाळं उमटलं. बारीक बारीक ओरखडे, शेकड्याने. कापसात टरफलाचे कण होते आणि गाडीवर आमच्या पिंप्राळ्याची काळी माती होती. दुसऱ्या कुणी असा कापूस माझ्यापुढे आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

सुनंदा बाहेर आली. म्हणाली, "अहो, असे उन्हात का बसलात?"

मी बोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं. "चालते ना पण?" म्हणाली आणि फोडणी जळते म्हणून आत गेली. माझ्या बायकोला रंगातलं कळत नाही.

१४ फेब्रुवारी

सायकलने केंद्रावर जाताना वाटेत नवल मिस्त्रीकडे थांबलो. हा गाड्या रंगवतो. निम्म्या जळगावच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या असतील. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत म्हणाला, "साहेब, धूळ म्हंजे पीठ नाही, दगड आहे. बारका आहे म्हणून काय झालं? तुम्ही गाडीवर दगड घासला. फडकं मऊ असून काय उपयोग?"

मग त्याने पद्धत सांगितली. कोरडं पुसायचं नाही, कधीच नाही. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा निवू द्यायचा. टपावरून हळू पाणी सोडायचं आणि धूळ आपल्या पायाने खाली उतरू द्यायची. मग फलालीनचं ओलं फडकं, सरळ रेघेत, दाब न देता. एक बादली फडकं धुवायची, एक चांगल्या पाण्याची. खालचा चिखलाचा भाग शेवटी. फडकं जमिनीवर पडलं तर ते मेलं असं समजायचं.

मी सगळं लिहून घेतलं. घरी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून देवघराशेजारी चिकटवलं. सुनंदाने उभ्याने वाचलं. "चांगलं आहे," म्हणाली, "माणसांनाही लागू पडेल." मी दुर्लक्ष केलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

नळाला एक दिवसाआड पाणी. आज आलं. पद्धतशीर धुलाई केली. सुनंदाला मदतीला घेतलं आणि चकित झालो. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मांडे खापरावर टाकणारे हात ते, फडकं नुसतं टेकवून न्यायचं हे तिला सांगावंही लागलं नाही.

फडकं पिळता पिळता तिने विषय काढला. "आखाजीला अक्काला न्यायचंय, लक्षात आहे ना? दसऱ्याला गाडीला हार घालताना तुम्ही शब्द दिलाय."

दिला होता खरा, अक्षय्य तृतीयेला अक्कांना गाडीतून नदीवर नेईन म्हणून. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई. धुळ्याच्या अलीकडे चिंचखेड्याला असतात, मुख्य रस्त्यापासून दोन कोस आत. गुडघे गेल्यामुळे तीन वर्षं त्या आखाजीच्या गौराईसोबत नदीवर गेलेल्या नाहीत. बैलगाडीचे दचके सोसत नाहीत. पूर्वी म्हणे गौराई बोळवायला निघालेल्या बायांत त्या सगळ्यांच्या पुढे असत. आता ओट्यावर बसून लांबून येणारी गाणी ऐकतात. गाडी आली तेव्हा त्यांनी गुरुजींकडून पत्र लिहवून घेतलं होतं, 'जावयाच्या गाडीत बसून एक डाव नदी पाहीन म्हणजे झालं.'

मी म्हटलं, "बघू. आखाजी लांब आहे."

५ मार्च, रविवार

आज गाडीत बसलो तर गुडघे स्टेअरिंगला लागले. दसऱ्याला लागत नव्हते. म्हणजे मी जाड झालो. सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "रात्रीचा भात बंद करा." उद्यापासून बंद.

११ मार्च

सुनंदाच्या डाव्या पायात काहीतरी दोष आहे. जेवताना पाहिलं, उजव्या हाताने आमटीचा डाव पुढेमागे करते आणि त्याच वेळी डावा पाय जमिनीवर दाबून हळू सोडते. पुन्हा दाबते, पुन्हा सोडते. वातच असणार. तिळाचं तेल आणून दिलं. तिला भरून आलं असावं, तोंडाला पदर लावून आत गेली.

१९ मार्च, रविवार

एक चमत्कारिक गोष्ट. दसऱ्यापासून मी गाडी फार तर साठेक किलोमीटर चालवली असेल. एकदा मेहरुण तलाव, एकदा बहीण नको म्हणत असताना तिच्या घरी, आणि बाकी देवळापर्यंत. केंद्रावर मी सायकलनेच जातो, कारण त्या वाटेवर धूळ फार. तर मीटरवर आज तीनशे सत्तेचाळीस!

आधी वाटलं, कुणी गाडी नेली. मग डोकं शांत ठेवून तपास केला. पेट्रोलचा काटा होता तिथेच आहे. गाडीवर धूळ नाही, उलट रविवारी मी ठेवतो त्यापेक्षा स्वच्छ. किल्ली देवघरात, गणपतीच्या मागे, जागच्या जागी. म्हणजे गाडी हलली नाही हे सिद्ध. निष्कर्ष एकच, उभ्या गाडीचा मीटर पळतो.

नवल मिस्त्रीला विचारलं. तो बराच वेळ खाली वाकून बोल्ट शोधत होता. मग गंभीरपणे म्हणाला, "उन्हाने आकडे फुगतात, साहेब. खानदेशचं ऊन आहे." मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

२ एप्रिल, रविवार

सुनंदाने फोटो काढून आणलेत. छोटे, चौकोनी, कान दिसणारे. कशाला, विचारलं तर "असू द्यावेत" म्हणाली. या वयात हौस! शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, फोटोत ताई कशी साहेबासारखी दिसते." दोघी हसल्या. बायका कशालाही हसतात.

१६ एप्रिल, रविवार

आज स्पष्ट बोललो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून वावटळी उठतात, धूळ दारंखिडक्या बंद असूनही ताटात येते. एरंडोल, पारोळा करत जायचं, पुढे ट्रकच ट्रक, आणि शेवटचे दोन कोस बैलगाडीची वाट, घोट्याइतका फुफाटा. नवी गाडी त्यात घालायची म्हणजे सालपटच काढायचं. म्हटलं, पावसाळा होऊ दे, धूळ बसू दे, दिवाळीला नेऊ अक्कांना.

सुनंदा म्हणाली, "दिवाळीला गौराई नसते."

"पुढच्या आखाजीला."

"अक्का ऐंशीची आहे."

मी बॉनेटवरचं जाळं दाखवलं. म्हटलं, एकदा चूक झाली ती पुरे. ती म्हणाली, "बरं."

एवढंच. माझी भांडणाची तयारी होती, तिने भांडण केलंच नाही. संसारात समजूतदार बायको मिळणं हे भाग्य आहे. तरी रात्री भात नसल्याने की कशाने, झोप नीट लागली नाही.

३० एप्रिल, रविवार

बंदोबस्त पूर्ण. नवल म्हणतो, धुळीच्या गाडीवर खोळ घालणं म्हणजे वाऱ्याच्या हाती कानस देणं. खोळ हलते, आतली धूळ घासते. म्हणून आज गाडी आरशासारखी धुतली, वाळवली आणि मग मांजरपाटाची खोळ घातली. चारी बाजूंनी सुतळीने आवळली. माझी गाठ दुहेरी असते. आता पाऊस पडेपर्यंत खोळ उचलायची नाही, उचलली की कडेची धूळ आत जाते. हाही नियम कागदावर चढवला. सुनंदाने स्वतःहून विचारलं, "म्हणजे कुणीच उचलायची नाही? तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, मीसुद्धा. तिला पटलेलं दिसलं.

४ मे, गुरुवार

सुनंदा आज माहेरी गेली. एसटीने. मी केंद्रावर असतानाच निघाली. वरणभात झाकून ठेवला होता. दोन महिन्यांनी भात!

संध्याकाळी खोळीवरून मऊ कुंचा फिरवला. सुतळीच्या गाठी वेगळ्या वाटल्या, गाठोड्याला मारतात तशा. सुमनबाईंचे मालक पुनाभाऊ म्हणाले, "वाऱ्यानं सुटत होती भाऊ, आमच्या हिनं आवळली." शेजार असावा तर असा.

५ मे, शुक्रवार

उष्म्याने खोळ मध्येच बसल्यासारखी दिसते. टप जरा खोलगट. कापड ताणलं असणार.

पुनाभाऊ अंगणात फरशीवर झोपलेले दिसले. म्हटलं, खाट कुठे गेली? तर म्हणाले, "ते मले नका विचारू भाऊ. बायकांच्या कामात मी पडत नाही." त्यांच्या दोन्ही खाटा नाहीत. ढेकणांमुळे उन्हात टाकल्या असतील.

७ मे, रविवार

दिवसभर गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलो. केंद्रावरच्या वना शिपायाला मुद्दाम बोलावून दाखवलं की धुळीपासून गाडी कशी जपतात. त्याने खोळीवर हात ठेवला, जरा दाबला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाबला. म्हणाला, "साहेब, फार मऊ गाडी आहे."

मी म्हटलं, आतून फलालीन आहे.

८ मे, सोमवार. आखाजी

चिंचखेड्याच्या ओट्यावर कंदिलाशी बसून लिहितोय.

सकाळी घागर भरली, पूर्वजांना पाणी दिलं. दुपारी सुमनबाईंनी ताट आणलं. खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. एकट्याने जेवायला बसलो. कॉलनीत पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या. मला आपली ओट्यावर बसून लांबची गाणी ऐकणारी म्हातारी दिसायला लागली. ऐंशीची आहे, सुनंदा म्हणाली होती. पुढच्या आखाजीचं मी कुणाच्या जिवावर बोललो? बॉनेटवरचे ओरखडे मी तीन महिने मोजले आणि बायकोचं ते "बरं" एकदाही नीट ऐकलं नाही. मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली.

ताट तसंच ठेवून उठलो. किल्ली घ्यायला देवघरात गेलो, गणपतीच्या मागे किल्ली नाही. तिने चोराच्या भीतीने कुठे लपवली असेल, आधी खोळ तर काढू, म्हणून बाहेर आलो. गाठोड्याच्या गाठी सोडल्या आणि खोळ ओढली.

आत पुनाभाऊंच्या दोन खाटा. एकीवर एक. त्यांवर चार गाद्या. पुढे बॉनेटच्या जागी दोन उपडी घमेली आणि आरशांच्या जागी सुतळीने बांधलेले दोन झारे. या सगळ्याची मी चार दिवस कुंच्याने धूळ झाडली.

कुंपणापलीकडे सुमनबाई पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. पुनाभाऊ म्हणाले, "भाऊ, आता आमची खाट नेऊ का?"

मग सगळं एकदम कळलं. गुडघे, मीटर, लायसनचे फोटो, तिळाचं तेल. बाकीचं सुमनबाईंनी सांगितलं. फेब्रुवारीपासून नवल मिस्त्री रोज दुपारी सुनंदाला शिकवत होता. मी मीटरचं विचारलं तेव्हा तो खाली वाकून बोल्ट का शोधत होता तेही कळलं. गाडी फिरवून आणली की ती धुवायची. सावलीत, वरून खाली, दोन बादल्यांनी. माझ्या कागदाप्रमाणे.

चोरीची तक्रार द्यावी असं क्षणभर मनात आलं. पण चोर माझ्याच नावाचं कुंकू लावतो. एसटी पकडली.

फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. दोन कोस फुफाट्यातून चालत. समोरून गुरं आली, मागून एक ट्रॅक्टर गेला. पोहोचेपर्यंत माझ्या मिशा, भुवया, सदरा सगळं एका रंगाचं झालं. अक्कांच्या दारात निंबाखाली माझी लाल गाडी उभी. तिच्यावर धुळीचा कण नाही. विहिरीच्या पाण्याने धुतलेली, लखलखीत. सगळ्या गावात त्या वेळी धुळीने भरलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे मी.

सुनंदा ओट्यावरून उठली. तिचा चेहरा उतरला होता. तरी हातात पंचा घेऊन माझं तोंड पुसायला पुढे आली. तेवढ्यात अक्कांनी बसल्या जागेवरून हुकूम सोडला, "थांब वं, कोल्लं पुशू नको! धूय म्हंजे दगड शे. आधी पानी वत, वरथीन खाले!"

आणि माझ्या बायकोने, चाळीस माणसांच्या देखत, माझ्या डोक्यावर घागर ओतली. सावकाश. धूळ आपल्या पायाने उतरू दिली.

ओला होऊन मी विचारलं, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर किल्ली कापसाच्या गंजीत पुरून ठेवली असती तुम्ही."

ठेवली असती. इथे वहीत खोटं कशाला लिहू?

९ मे, मंगळवार

आज गौराई बोळवली. अक्का पुढच्या सीटवर, नवं लुगडं नेसून, टोपलीतली गौराई मांडीवर. सुनंदाने गाडी काढली. मी मागे, दोन मेहुण्यांच्या मधे, मांडीवर फलालीनचं फडकं घेऊन. खड्डा आला की ती वेग कमी करायची आणि डावा पाय दाबून हळू सोडायची. तिला वात नाही. फार सुरेख चालवते. दचका म्हणून बसला नाही. अक्का वाटेतल्या प्रत्येकाला काच खाली करून सांगत होत्या, "मन्ही पोर चालाडस! मन्ही पोर!" मागे बसून माझी छाती फुगली, हेही लिहून ठेवतो.

नदीला पाणी घोटाभर. आमच्या काठाला चिंचखेड्याच्या बाया, पलीकडे दुसऱ्या गावच्या. इथली रीतच अशी की गौराई बोळवून झाली की दोन्ही काठांवरून गाण्यातून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि मातीची ढेकळं फेकायची. अक्का तीन वर्षांनी आल्याचं पलीकडे कळलं. तिकडून एका म्हातारीने अक्कांचं नाव घेऊन असं कडवं म्हटलं की ते मला इथे लिहिता येणार नाही.

अक्का झटकन सावरून बसल्या. "दे वं, मले बी एक ढेकूय दे!"

कुणीतरी खिडकीतून चांगलं मुठीएवढं ढेकूळ हातात दिलं. अक्कांनी हात बाहेर काढला, मागे नेला आणि होती नव्हती ती ताकद लावून फेकलं. ते नदीपर्यंत गेलं नाही. माझ्या बॉनेटच्या मधोमध पडलं, फुटलं आणि सरकत खाली गेलं. गाण्याचा आवाज थांबला. धुरळा खाली बसला तेव्हा लाल रंगावर चार बोटं लांब पांढरी रेघ दिसली.

सगळा काठ माझ्याकडे बघायला लागला. सुनंदाने स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. अक्कांचा हात अजून बाहेरच होता. हळूच म्हणाल्या, "गाडी फुटनी का, बापू?"

मी खाली उतरलो. एक मेहुणी पदराने बॉनेट पुसायला धावली. तिला म्हटलं, "थांबा, कोरडं पुसायचं नाही." मग काठावर वाकून दोन-तीन ढेकळं हातात घेऊन पाहिली. एकात खडे होते, टाकून दिलं. दुसरं ओलं, हातातच विरलं. तिसरं मात्र एक नंबर. कोरडं, हलकं, लिंबाएवढं, म्हातारीच्या मुठीत बसेल असं. ते अक्कांच्या हातात ठेवलं आणि कोपर जरा उचलून धरलं.

"अक्का," म्हटलं, "जरा उंच फेका."

या वेळी ते पाण्यात पडलं. पलीकडच्या म्हातारीच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले. अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

१० मे

परत निघालो. सुनंदा म्हणाली, पारोळ्यापासून तुम्ही चालवा. मी म्हटलं, नको, सीट पुन्हा मागे कोण घेणार?

मीटर सातशे एकोणतीस. कंपनीला उद्याच दुसरं पत्र टाकायचं आहे. मीटर उत्तम आहे, तसदीबद्दल क्षमस्व.